तिघांचं काम

"…मग दिवसाचे तास वाढवायचे कसे, भंते? तेवढं सांगा."

अश्लेषा रणपिसेनं हातातला डबा अजून खाली ठेवला नव्हता. पाठीवर लॅपटॉपची बॅग तशीच होती. टेकडी चढून आल्यानं तिला धाप लागली होती, पण बोलणं थांबलं नव्हतं.

भंते धम्मसार विहाराच्या ओट्यावर पिंपळाच्या सावलीत बसले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग वर पाहिलं. सूर्य डोक्यावरून पलीकडे कलला होता.

"आधी बस," ते म्हणाले.

"बसायला वेळ नाही, भंते."

"मग उभ्यानं सांग."

ती उभ्यानं सांगू लागली.

सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष. सकाळी लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी असाइनमेंट. एक सबमिशन संपत नाही तोच दुसरं. अधूनमधून परीक्षा. आणि या सगळ्याच्या डोक्यावर प्रोजेक्ट.

सरकारी दवाखान्यात लोक सकाळपासून रांगेत बसून असतात. आपला नंबर कधी लागेल हे त्यांना घरबसल्या फोनवर कळावं, असा प्रोग्राम तिचा गट बनवत होता. सोमवारी तो कॉलेजात चालवून दाखवायचा होता.

आणि तो चालत नव्हता.

"वर्गात सगळ्यात जास्त काम मी करते," अश्लेषा म्हणाली. आवाजात तक्रार होती. अभिमान त्याहून जास्त होता. "कित्येक दिवसांत सिनेमा नाही, कुणाच्या लग्नाला जाणं नाही. जेवतानाही समोर स्क्रीन असते. सर म्हणाले, इतकं झोकून देणारी पोरगी पाहिली नाही."

"छान," भंते म्हणाले.

ती थांबली. कौतुक ऐकायलाच ती आली होती, पण ते इतक्या लवकर आणि इतकं छोटं येईल असं तिला वाटलं नव्हतं.

"गटात किती जण आहेत?"

"तिघं. मी, नफीसा आणि तेजराव."

"ते दोघं किती काम करतात?"

"काहीच नाही."

"आळशी आहेत?"

"आळशी नाहीत…" ती अडखळली. "हळू आहेत. नफीसा एकेक ओळ विचार करकरून लिहिते. तेजरावला सगळं दोनदा सांगावं लागतं. सांगण्यातच वेळ जातो. म्हणून मागच्या आठवड्यात त्यांचं काम मी माझ्याकडे घेतलं."

"म्हणजे तिघांचं काम तुझ्याकडे आलं."

"हो."

"आणि तिघांचा वेळ?"

"…म्हणजे?"

भंतेंनी डब्याकडे बोट दाखवलं.

"हे काय आणलंस?"

"आईनं रोडगे केलेत, भंते. आज आजोबांचा स्मृतिदिन. तुमच्यासाठी भोजनदान…"

शब्द तिच्या तोंडातच राहिले.

पहाटेपासून आई गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे रोडगे भाजत होती. अंगणवाडीत जाताना दारातून दोनदा बजावून गेली होती, बाराच्या आत पोचव, भंते मध्यान्हीनंतर जेवत नाहीत. अश्लेषा हो म्हणाली होती. डबा बॅगेशेजारी ठेवला होता. आणि निघण्याआधी फक्त एक चूक शोधू, म्हणून लॅपटॉप उघडला होता.

तिनं सूर्याकडे पाहिलं. मग भंतेंकडे.

"तुम्ही… जेवलात ना?"

"आज तुमच्या घरून येणार होतं."

"दुसरं काहीच…"

"उद्या जेवेन."

अश्लेषा ओट्यावर बसली. बॅग न काढताच बसली. दिवसातून एकदा जेवणारा म्हातारा माणूस आज तिच्यामुळे उपाशी राहिला होता. तिला आईचा चेहरा दिसला. संध्याकाळी आई विचारणार होती, भंतेंना आवडले का?

"माफ करा, भंते."

"उपास मला जड नाही, बाळ. तो वास जड आहे." भंतेंनी डबा दोन बोटांनी जरा लांब सरकवला. "माणूस उपाशी असला की वरण फार लांबून ओळखू येतं."

ते हसत होते. तिला मात्र हसता येईना.

"तू जेवलीस?"

"सकाळी बिस्किटं खाल्ली."

"काल?"

तिला आठवेना.

भंते उठले. आत गेले आणि ताट घेऊन आले. "हे अन्न मला दिलंस ना?"

"हो, भंते."

"मग आता ते मी तुला देतो. एकच सांगणं आहे. सगळं संपवायचं. तुझ्या आजोबांच्या नावचं आहे. टाकायचं नाही, घरी परत न्यायचं नाही."

त्यांच्या आवाजात असं काही होतं की तिनं बॅग काढली.

रोडगा हातानं कुस्करला. त्यावर वरण ओतलं, तूप सोडलं. पहिला घास तिनं सवयीनं भराभर गिळला. दुसऱ्या घासाला ती थांबली. रोडग्याला आराचा वास होता. आतले पदर मऊ होते. वांग्याच्या भाजीत आईनं तीळ कुटून घातले होते. आई हल्ली तीळ घालते, हे तिला माहीतच नव्हतं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"भाजी तिखट आहे," ती म्हणाली.

"असेल," भंते म्हणाले.

एक रोडगा संपला. दुसरा अर्धा संपला. विहारातले इतर भिक्खू परगावी गेले होते हे आईला ठाऊक नव्हतं. तिनं सगळ्यांना पुरतील इतके केले होते. डबा अजून भरलेलाच दिसत होता.

"संपव," भंते म्हणाले.

"एकटीनं नाही संपणार, भंते."

"का? वर्गात सगळ्यात जास्त काम तूच करतेस."

अश्लेषाला तोंडात घास असताना हसू फुटलं. ठसका लागला. भंतेंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

हसू ओसरल्यावर ती बराच वेळ डब्याकडे पाहत राहिली…

मग तिनं फोन काढला. नंबर काढला. पुन्हा फोन मांडीवर ठेवला.

"त्या दोघांना आता कोणत्या तोंडानं बोलवू?"

"ज्या तोंडानं जेवतेस, त्याच."

तिनं नफीसाला फोन लावला. नफीसा आणि तेजराव लायब्ररीत होते. दोघं भंतेंकडे या, रोडगे आहेत, असं तिनं एका दमात सांगितलं.

"कोड लिहायला आमची गरज नाही," नफीसा म्हणाली. "जेवायला आहे?"

"दोन्हीला आहे."

मग मागून तेजरावचा आवाज आला. "वांग्याची भाजी हाय का विचार."

"आहे," अश्लेषा म्हणाली.

"येतो," नफीसा म्हणाली.

ते आले. तेजरावनं वाकून वंदन केलं, नफीसानं हात जोडले. अश्लेषाशी दोघं बोलले नाहीत. भंतेंनी आणखी दोन ताटं आणून दिली आणि स्वतः झाडू घेऊन अंगणात उतरले.

तिघं जेवायला बसले. तेजरावनं आधी भाजी वाढून घेतली.

"मी रुसलेलोच हाय," तेजराव म्हणाला. "नुसता जेवाले आलो."

"चुकलं माझं," अश्लेषा म्हणाली. "तुमचं काम मी न विचारता काढून घेतलं."

नफीसानं मान वर केली नाही. "मी अम्मीला सांगितलं की आता मी प्रोजेक्टवर नाही. तिनं विचारलं, का? मला सांगताच येईना. काय सांगू? मी हळू आहे म्हणून?"

अश्लेषानं तुपाची वाटी उचलली आणि नफीसाच्या ताटात तूप वाढलं.

नफीसानं ताट मागे ओढलं नाही.

"अजून थोडं," ती म्हणाली.

डब्याचा तळ दिसल्यावर लॅपटॉप उघडला गेला. कुणी उघडला ते कुणाच्या लक्षात आलं नाही. अश्लेषानं अडचण सांगितली. रांगेतला एखादा माणूस कंटाळून निघून गेला तर मागच्यांचे नंबर पुढे सरकायला हवेत. ते सरकत नव्हते. दोन दिवस ती तिथंच अडकून होती.

तेजराव स्क्रीनकडे पाहत राहिला.

"परत सांग," तो म्हणाला.

अश्लेषानं डोळे मिटले. नेहमीचा सुस्कारा तिच्या नाकापर्यंत आला होता. तिनं तो गिळला.

"बघ. हा माणूस रांगेत आहे. तो निघून गेला. मी त्याचं नाव काढून टाकते. मग उरलेल्यांना मोजते. मोजताना पहिल्यापासून सुरुवात करते, आणि सकाळी जितके…"

ती थांबली.

"सकाळी जितके होते…"

वाऱ्यानं पिंपळाची पानं सळसळली.

"तितकेच धरते," ती हळू आवाजात म्हणाली. "तो गेलाय हे मी मोजताना विसरते. त्याची रिकामी जागासुद्धा मोजते."

"मी तर काहीच बोललो नाही," तेजराव म्हणाला.

"तू दोनदा विचारलंस."

नफीसानं लॅपटॉप आपल्याकडे ओढला. "हे मी लिहिते."

तिनं लिहायला सुरुवात केली. एक ओळ लिहिली. थांबली. वाचली. एक शब्द बदलला. पुन्हा वाचली. अश्लेषाची बोटं शिवशिवत होती. शेवटी ती स्वतःच्या दोन्ही हातांवर बसली. तेजरावनं ते पाहिलं आणि तोंड फिरवून हसू लागला.

नफीसानं शेवटची ओळ लिहिली आणि प्रोग्राम चालवला.

चालला. एकही दुरुस्ती न करता चालला.

मग तेजराव उठून उभा राहिला.

"खरे पेशंट लागतील," तो म्हणाला. "मीच होतो."

त्यानं तिघांच्या फोनवरून नंबर घेतले. आधी तो खोकणारा म्हातारा झाला. मग त्याच्या पुढच्या नंबरची, दाढ दुखणारी बाई झाला, आणि पदर नसतानाही तोंडावर पदर धरून विव्हळला. बाई वैतागून रांगेतून निघून गेली, तशी म्हाताऱ्याचा नंबर पुढे सरकला. म्हातारा नाचला. नफीसा हसता हसता ओट्यावर आडवी झाली. अश्लेषाच्या पोटात कळ आली तरी तिचं हसणं थांबेना.

आवाज ऐकून भंते झाडू घेऊन ओट्यापाशी आले.

"तुम्हीसुद्धा नंबर घ्या, भंते," नफीसा म्हणाली आणि तिनं आपला फोन त्यांच्या हातात दिला.

भंतेंनी फोन डोळ्यांपासून लांब धरून वाचलं. "माझा नंबर शेवटचा आहे. पुढे कोण आहे?"

"तेजराव, मग तेजराव, मग तेजराव."

"गंभीर आजारी दिसतो."

तेजरावचे सगळे पेशंट एकेक करून घरी गेले. फोन थरथरला. तुमचा नंबर जवळ आला आहे, दवाखान्यात या, असं त्यावर उमटलं. भंतेंनी ते मोठ्यानं वाचलं. पुन्हा एकदा वाचलं.

"रांगेतल्या लोकांना बरं वाटेल," ते म्हणाले.

नफीसा खाली पाहून हसली. तिनं फोन घेतला आणि बाजूला जाऊन घरी लावला. "अम्मी, सोमवारी माझा प्रोजेक्ट आहे," एवढं ऐकू आलं.

तेजरावनं ताटं घासली. राहिलेलं किरकोळ काम त्यांनी वाटून घेतलं आणि ओट्यावर बसूनच पुरं केलं. लॅपटॉप बंद झाला तेव्हा उन्हं अजून टेकडीवर होती.

नफीसा आणि तेजराव रिकामा डबा घेऊन पुढे निघाले. उतारावर बोरीचं झाड होतं. तिथं ते थांबले. तेजराव फांदी वाकवत होता, नफीसा ओढणी पसरून उभी होती. बोरं आंबट की गोड यावर त्यांचा वाद चालला होता.

अश्लेषा ओट्याशीच घुटमळत राहिली. बॅग पाठीवर अडकवली. पुन्हा काढली.

"भंते, आईला खरं सांगेन. तुम्हाला उशिरा पोचलं म्हणून."

"सांग. रोडगे संपले हेही सांग."

ती तरी हलली नाही.

"काम झालं, भंते. अजून दिवस मावळला नाही. उद्याचा रविवारही मोकळा आहे… असं कधी झालंच नाही." ती बेचैन दिसत होती. "पुढच्या विषयाचं वाचन सुरू करू? की इंटर्नलची तयारी? या उरलेल्या वेळाचं काय करू, सांगा ना."

भंते तांब्यातलं पाणी प्याले. त्यांनी तांब्या खाली ठेवला. उतारावरून नफीसाच्या हसण्याचा आवाज आला…

"वाया घालव," ते म्हणाले.