चंद्रिकेच्या टपावरचा हात

तुमच्या जन्माआधीची गोष्ट. जुनी विजेची इंजिनं भाड्याने देणाऱ्या एका कंपनीत चंद्रिका नावाचं इंजिन होतं. वीस वर्षांनी तिला गिऱ्हाईक मिळालं होतं. उद्या घाटात गाडी ओढायची होती! तिला हिरवागार रंग चढत होता आणि टपावरचा लोखंडी हात चडफडत होता. तळवा वरच्या तारेला टेकवून वीज आणायची, हे त्याचं काम. अंगावर मात्र नुसती काजळी.

"घोसाळकरकाका, मलाही रंगवा की!"

रंगाऱ्याला विजेतलं काय कळणार? काकांनी त्याला तळव्यासकट रंगवून टाकलं.

सकाळी ताशे कडाडले. हात ऐटीत वर गेला, तारेला टेकला. पण चंद्रिका जागची हलेना.

"परत न्या हे धूड!" गिऱ्हाईक खवळलं.

चंद्रिकेला रडूच फुटलं. तेव्हा हाताच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तो झटकन खाली आला. "काका, रंग आड येतोय! तळवा खरवडा, लवकर!"

काकांनी खरवडला. उघडा तळवा तारेला भिडला मात्र, चंद्रिकेने अशी आरोळी ठोकली की अख्खा घाट दुमदुमला!

संध्याकाळी काकांनी हसत विचारलं, "काय लेका, पुन्हा रंगवू?"

"रंगवा की," हात म्हणाला, "पण कोपरापर्यंतच."