यंदाची हळद

“यंदा हळद लावू का, म्हणते अक्का. काय सांगू, आप्पा?”

मठ सांभाळणारे आप्पा ओसरीवर लावणीसाठी हळदीचं बेणं निवडत बसले होते. डोळा फुगलेला गड्डा एका पाटीत, बिनडोळ्याचा दुसरीत. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा मन्मथ. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात कापून काढलेल्या गाठी तपासतो. लहानपणी मठातच जेवला, मठातच शिकला. आई गेल्यावर थोरल्या बहिणीनं वाढवला. ती अक्का अंगणात कडुलिंबाखाली बसली होती. आतड्याचा कॅन्सर. पदराआड पोटाला पिशवी.

“गाठ काढली ना तिची?”

“काढली. पण गाठीत मूळपेशींची खूण आहे. त्यातली एक पेशी मागं राहिली तरी गाठ पुन्हा उभी राहते. काचेवर मीच रंग दिला, आप्पा. पुन्हा पुन्हा दिला. खूण असेल तिथंच तपकिरी होतं; सगळी काच तपकिरी झाली.”

“म्हणजे?”

“परतेल. लवकरच परतेल.”

“नक्की?”

“... बहुतेकांची परतते.”

आप्पांनी एक गड्डा पुढे केला. डोळा टरारलेला.

“उगवेल?”

“उगवेल.”

“असले सगळे उगवतात?”

“नाही. काही मातीत सडतात.”

“मग अक्काची खूणही सडेल एखादवेळी.”

मन्मथ एकदम पुढे सरकला. “तसं होतं, आप्पा! खूण असूनही काही माणसं जगतात, वर्षानुवर्षं जगतात...”

“हे आजवर किती घरांना सांगितलंस?”

मन्मथ पाटीतला एक गड्डा उगाच उलटासुलटा करू लागला.

“बोल की. जीभ दवाखान्यात ठेवून आलास?”

“मी खरं तेच सांगत आलो. खूण आहे, परतेल, तयारी ठेवा. खोटी आशा मी कुणाला दिली नाही.”

याचा त्याला अभिमान होता. मठात सर्वांना हा अभिमान ठाऊक होता.

“मग आज इथं काय न्यायला आलास?”

कडुलिंबाखालून अक्का ओरडली, “मन्म्या, विचारलंस का रे? का नुसताच बसलास तोंड घेऊन? चांगलं बेणं दुसरं कुणी उचलेल!”

मन्मथानं तिच्याकडे पाहिलं नाही.

“हळद निघायला नऊ महिने लागतात, आप्पा.”

“ठाऊक आहे.”

“नऊ महिने...”

त्यानं आता अक्काकडे पाहिलं.

आप्पा उठले. डोळ्याचं बेणं ओंजळीओंजळीनं पोत्यात भरलं. सुतळीनं तोंड बांधलं. पोतं उचलून मन्मथाच्या खांद्यावर ठेवलं.

“लाव म्हण तिला. काढायला तू ये.”