बुलबुलाची पकड

"कावळा आत आणि कोकीळ बाहेर... हा कुठला न्याय, बुवा?"

श्रीरंगने हे मठाच्या पायरीवर बसूनच विचारले. सकाळपासून तो तिथे ठाण मांडून होता. जेवायलाही उठला नव्हता.

टेकडीवरच्या या मठात केशवबुवा पाखरांची विद्या शिकवत. शिष्यांनी मातीची पाखरे घडवायची आणि एकेका कुळाची एकेका पाटावर मांडायची. चुकलेले पाखरू बुवा सर्वांदेखत, चकार शब्द न काढता उचलत. ज्याचा पाट बिनचूक, त्याने नव्या शिष्यांना शिकवायचे, अशी तिथली रीत.

श्रीरंगने गाणाऱ्या पाखरांच्या पाटावर कोकीळ सगळ्यांत पुढे मांडला होता. बुवांनी तो उचलला आणि तिथे कावळा ठेवला. कावळा तर कावळा, तोही पहिल्या जागी! मागे कोणीतरी फिसकन हसले आणि श्रीरंगच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षे ज्यांच्या पायाशी घालवली, त्यांनीच चारचौघांत पाणउतारा करावा? पाट पूर्ववत होईपर्यंत तो हलणार नव्हता, मग शिकवण्याचा मान कायमचा गेला तरी बेहत्तर.

बुवा शेजारी येऊन बसले. गाणाऱ्या पाखरांची तीन बोटे पुढे, एक मागे. कोकिळाची दोन पुढे, दोन मागे, असे त्यांनी सांगितले. कावळ्याचा पाय तर या कुळाचा आहेच, शिवाय श्वासनळीच्या तळाशी गाण्याचे स्नायूही आहेत.

"मोजली मी बोटं," श्रीरंग म्हणाला. "चूक माझीच आहे."

"मग?"

"राग सोडत नाही मला..."

बुवांनी उपरण्यातून एक बुलबुल काढला. खिडकीच्या काचेवर आपटून नुकताच मेलेला, अजून कोमट. त्याचे पाय त्यांनी श्रीरंगच्या बोटावर टेकवले आणि पाखरू हलकेच खाली दाबून बसते केले. गुडघा दुमडला, तशी नखे बोटाभोवती आवळली.

श्रीरंग दचकला. "हा तर मेलाय, बुवा."

"सोडवून घे."

श्रीरंगने पाखराचे एक बोट उकलले, तर दुसरे घट्ट.

बुवांनी बुलबुल नुसता वर उचलला. पाय सरळ झाला आणि नखे आपोआप सुटली.

श्रीरंग स्वतःच्या बोटाकडे बघत राहिला...

"मग मला कुणी धरलंय, बुवा?"

बुवा पायरीवरून उठले.

"आधी ऊठ. मग विचार."