झाला का जुना?

"मग शेवटी महागात कुणाला पडलं, मास्तर? तुम्हाला का मला?"

बूड टेकायच्या आधीच सुदाम खरबड्यानं विचारलं. रामराम नाही, काही नाही.

हुसेनमास्तर मान वर न करता टाईप करत राहिले. तहसील कचेरीच्या भिंतीला टेकून त्यांची पत्र्याची टपरी. चाळीस वर्षं लोकांचे अर्ज तिथंच निघाले. सुदाम त्यांचाच चेला. पुढं जिल्ह्याला गेला, स्वतःचं दुकान टाकलं, अन् ताठला. हातात कला आली की माणूस ताठतोच, त्यात नवल काही नाही.

सोळा वर्षांपूर्वी त्यानं सहा हजारांचा कीबोर्ड घेतला होता. तेव्हा मास्तर म्हणाले होते, "अरे, एवढ्यात दुभती शेळी आली असती."

तो शब्द सुदामनं गाठीला बांधून ठेवला. आज परत करायला आला होता.

पिशवीतून कीबोर्ड निघाला. वर फुलाफुलांची खोळ. त्यानं नाडी सोडली.

"बघा. एक बटण हललं नाही. पाणी सांडा, चहा सांडा, याला काही होत नाही. तुमचे किती मेले?"

मास्तरांनी पायानं बाकाखालचा ढीग पुढं ओढला. सगळे अडीचशे-तीनशेवाले. एकाचा स्पेसबार गेलेला, एकाची वायर उंदरानं खाल्लेली.

"पंचवीस-तीस असतील."

"अन् फेकत का नाही?"

"मेलेल्यावर लोक शिकतात. वायर जोडायचीच नाही. नुसती बोटं बसवायची. चहावाल्याची सून यातल्याच एकावर शिकली. आता आत कचेरीत बसते."

"धर्मादाय राहू द्या. हिशोब बोला."

"तू जिंकलास," मास्तर म्हणाले. "स्वस्त तुझाच पडला."

एवढं ऐकायला तो एसटीनं तीन तास धक्के खात आला होता. ऐकलं... अन् तोंडात काही गोड लागेना.

मास्तर बघत होते ते खोळीकडं. कीबोर्डाकडं नाहीच. खोळीची कड विरली होती, नाडीला दोनदा टाके घातले होते.

"शिवली कुणी?"

"मालननं." मालन म्हणजे त्याची बायको. "जुन्या पातळाची आहे."

"बरी आहे का ती?"

"गेली. मागच्या पौषात."

मास्तरांनी चष्मा काढून बाकावर ठेवला.

"कळवलं नाहीस."

सुदामनं खोळीची नाडी बोटाला गुंडाळली.

"तिला येत होतं का टाईप?"

"नाही." मग खोळीकडं बघत, "शिकायचं होतं तिला. म्हणायची, मला शिकवा, निम्मे अर्ज मी काढते. तुमची पाठ दुखती..."

"मग?"

"म्हटलं, शिकाऊ हातानं बटणं जातील. हा जुना झाला की तुला देतो. मी दुसरा घेतो."

"मग?"

"दर दिवाळीला पुसायला घ्यायची, अन् विचारायची. झाला का जुना?"

"मग?"

"झालाच नाही, मास्तर."

बाहेर कुणीतरी स्टॅम्प पेपरवरून भांडत होतं. मास्तरांनी आपला चहाचा ग्लास उचलला, अन् सगळाच्या सगळा कीबोर्डावर ओतला. घाई नाही, राग नाही. तुळशीला पाणी घालावं तसा.

सुदामचा हात पुढं गेला नाही. काही होत नाही म्हणून सांगणाऱ्या या माणसानं सोळा वर्षांत त्या टेबलाजवळ कुणाला तांब्या आणू दिला नव्हता. आता नुसता बघत बसला. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. मर एकदाचा, असं वाटलं.

चहा खालच्या भोकांतून गळून बाकावर आला. मास्तरांनी खांद्यावरच्या रुमालानं कीबोर्ड पुसला. कॉम्प्युटरमधून आपल्या कीबोर्डाची वायर काढली, याची लावली.

"लिही तिचं नाव."

हे नाव सुदामनं जन्मात एकदाच टाईप केलं होतं, मृत्यूच्या दाखल्याच्या अर्जावर. एकेक बटण दाबलं, अन् दाबताना मनात एकच... नको उठू, नको उठू.

मा... ल... न.

अक्षरं उठली. काना धरून सगळं जागच्या जागी.

मास्तरांनी पडद्यावरचं नाव वाचलं. मग त्यांनी खोळ उचलली, नीट घडी घातली अन् सुदामच्या मांडीवर ठेवली.

"नाही रे बाबा," ते म्हणाले. "अजून नवाच आहे."