बावन्न परके चित्रपट

बोधाच्या गोष्टीत माणसांना नावे नसावीत असा संकेत आहे. परंतु या गोष्टीतली माणसे अजून हिंडतीफिरती आहेत, भेटली तर ओळख देतील, म्हणून मी नावे घेऊनच सांगतो.

एका तालुक्याच्या गावी उपळेकर सर म्हणून चित्रकलेचे निवृत्त शिक्षक होते. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर त्यांनी चित्रपट मंडळ काढले होते. मंडळ म्हणजे काय, तर एक प्रोजेक्टर, एक पांढरा पडदा, साठ खुर्च्या आणि सरांचा हट्ट. एका वर्षी त्यांनी जाहीर केले की यंदा दर रविवारी परक्या मुलखातला चित्रपट लावायचा. ज्या देशांची नावे आपण फक्त नकाशात वाचली, तिथला. गावाने कपाळाला हात लावला. पण सरांपुढे बोलणार कोण? अर्ध्या गावाचे कान त्यांनी शाळेत पिळलेले होते.

अडचण भाषेची होती. संवाद कळत नसत, आणि पडद्याच्या तळाशी येणाऱ्या इंग्रजी ओळी वाचेपर्यंत त्या पळून जात. त्यावर सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने तोड काढली. सुहास गिजरे त्याचे नाव. कॉलेजात इंग्रजी शिकवीत असे. तो माईक घेऊन शेवटच्या रांगेत बसे आणि ओळ उमटली की हलक्या आवाजात मराठीत सांगे. आणि काय सांगे! बर्फाळ समुद्रावरचा खलाशी त्याच्या तोंडून मालवणच्या माणसासारखा करवादे, वाळवंटातली सासू असे टोमणे मारी की पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींना कोपर मारीत. पिठाची गिरणी चालवणाऱ्या द्वारकाबाई शेटे, ज्यांनी दिवाळीतही कधी पट्टा थांबवला नव्हता, त्या रविवारी दुपारी गिरणी बंद ठेवू लागल्या. गावातली साठ माणसे वर्षभर परक्यांच्या घरांत जाऊन आली, ती या एका माणसाच्या जिभेवर बसून. माझ्या मते हे फार मोठे काम होते.

वर्ष सरत आले. सर कायमचे मुलीकडे नाशिकला जाणार होते आणि मंडळ कोणाच्या हाती सोपवायचे ते शेवटच्या रविवारी सांगणार होते. सुहासला ते हवे होते. अगदी मनापासून हवे होते. वर्गात त्याचे कोणी धड ऐकत नसे, इथे साठ माणसे त्याच्या शब्दावर श्वास रोखत. त्याने वर्षाचे सिंहावलोकन लिहून काढले: वीस पाने, तोवरचे एक्कावन्न चित्रपट, प्रत्येकातले गाजलेले वाक्य तोंडपाठ. सरांनी ती पाने आदल्या दिवशी वाचली आणि नुसते "बरं" म्हणाले. सुहासने त्याचा अर्थ स्वतःला हवा तसा लावून घेतला.

शेवटचा चित्रपट कुठल्याशा डोंगराळ देशातला होता. मुलगा कामासाठी परमुलखात निघाला आहे, आई त्याला जेवू घालते आहे, आणि सगळी गोष्ट त्या एका दुपारची. वीसेक मिनिटे झाली असतील. सुहास रंगात येऊन सांगत होता, तोच माईक मुका झाला. त्याने बटण दाबून पाहिले, वायर हलवून पाहिली. मग मान वळवली, तर सर भिंतीपाशी उभे, आणि माईकची पिन त्यांच्या हातात.

पिन हातात ठेवूनच सर जाऊन खुर्चीवर बसले. कोणीतरी सवयीने "आवाज, आवाज" म्हणून ओरडले, मग सरांकडे पाहून गप्प झाले. सुहासचे कान तापले. आजच्या दिवशी, सगळ्यांसमोर, असा अपमान का करावा, हे त्याला कळेना. उरलेला तासभर तो खालच्या ओळी मनातल्या मनात वाचत आणि धुमसत बसून राहिला.

चित्रपट संपला की चहा घेत पाव तास बोलायचे, अशी मंडळाची रीत होती. सरांनी त्या दिवशी प्रथम द्वारकाबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "ती बाई त्याला जाऊ नको म्हणत होती."

सुहासला राहवले नाही. त्याने नम्रपणे, पण ठासून सांगितले की असे वाक्य चित्रपटात कुठेच नाही. आई फक्त गाडीची वेळ विचारते, खिडकी लाव म्हणते आणि कोट घे म्हणते.

"वाक्य नसेल, बाबा," द्वारकाबाई म्हणाल्या. "पण तिने त्याच्या ताटात चार वेळा वाढलं. तिचं स्वतःचं ताट शेवटपर्यंत पालथं होतं. तुम्ही बघितलं नाही का?"

सुहासने आठवून पाहिले. ताट त्याला आठवेना. आईचा चेहराही आठवेना. तो घाबरून मनाने मागे मागे जाऊ लागला. खलाशी दिसायला कसा होता? सासूने काय नेसले होते? वाक्ये सगळी हजर होती, माणूस मात्र एकही समोर येईना.

तेव्हा सर त्याच्याजवळ येऊन बसले. "तुझी वीस पानं वाचली. भाषा सुरेख आहे. पण त्यात एक रंग नाही, एक हात नाही, एक चेहरा नाही. तू नसतास तर ही माणसं दुसऱ्या रविवारी आली नसती. तू त्यांना बोटाला धरून आत नेलंस, आणि ती आत जाऊन बघायला शिकली. तू मात्र वर्षभर पडद्याचा तळ वाचत राहिलास. मला ते काल कळलं. आधी कळायला हवं होतं, चूक माझीही आहे."

एवढे बोलून त्यांनी सभेला सांगितले की आता सुहास वर्षाचा आढावा घेईल. सुहास उठला. पाने हातात होती. ती त्याने दुमडली.

"बावन्न रविवार मी तुम्हाला चित्रपट सांगितले," तो म्हणाला. "मी स्वतः त्यातला एकही पाहिलेला नाही. हे मंडळ मला मिळावं अशी माझी फार इच्छा होती. आज ते मागायला मला तोंड नाही."

कपातला चहा निवला. मग द्वारकाबाई म्हणाल्या, "मग लावा की परत सगळे. आम्हालाही पुन्हा बघायचेत. या खेपेला आमच्यात येऊन बसा, काही राहिलं तर आम्ही दाखवू."

सरांनी मान डोलावली. मंडळ आजपासून सुहासचे, असे त्यांनी तिथेच जाहीर केले, आणि त्यावर एका शब्दाचेही भाषण केले नाही. सुहास खाली बसला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवण्याची खटपट त्याने केली नाही.

दुसऱ्याला समजावून सांगण्यात आपण सगळेच पटाईत असतो. स्वतः पाहायचे तेवढे राहून जाते.