गौराचा पेटारा

ओढ्याकाठच्या एका गावात भैरूनाथ नावाचा गारुडी राहायचा. त्याच्याकडे गौरा नावाची अजगराची मादी होती. अंड्यातून निघाल्यापासून त्यानं तिला पोटच्या पोरीसारखी वाढवली होती.

एकदा गौरानं खाणंच सोडलं. ती राहायची त्या विणलेल्या पेटाऱ्याला दिवसभर अंग घासायची. भैरूनाथानं नीट पाहिलं, तर खवल्यांच्या आड आणि डोळ्यांच्या कडेला मोहरीहून बारीक काळे किडे रक्त पीत बसलेले.

शेजारच्या सखोबानं बैलांच्या गोचिडांचं औषध दिलं. एकदा चोळ की काम फत्ते, म्हणाला. भैरूनाथ लगेच बाटली उघडायला लागला. पण त्याची बायको सगुणा हिनं हात धरला. बैलाला सोसतं ते हिला कसं सोसेल, किड्यांबरोबर हीसुद्धा जायची, असं म्हणून तिनं बाटली परत पाठवली.

मग दोघांनी घंगाळात कोमट पाणी घेतलं, तेही गौराचं तोंड वर राहील इतकंच. तिला त्यात निवांत पडू दिलं. किडे बुडून तळाशी बसले. डोळ्यांच्या कडेचे भैरूनाथानं मऊ ओल्या फडक्यानं अलगद टिपले. मग गौराला उचलून पेटाऱ्यात ठेवलं आणि दोन-चार दिवसांत किडे पुन्हा हजर.

सगुणा म्हणाली, किडे पेटाऱ्याच्या विणीत दडलेत, तो जाळा. भैरूनाथ भडकलाच. पेटारा त्याच्या बापानं विणलेला, त्याची तेवढीच एक खूण घरात उरलेली. त्यानं तो धुतला, झटकला, उन्हात ठेवला. जाळायला मात्र मन धजेना. इकडे गौरा सुकत चालली. एका सकाळी तिनं हाकेला मानही उचलली नाही.

सगुणा हळूच म्हणाली, "मामंजींनी पेटारा सापासाठीच विणला होता ना?"

भैरूनाथ उठला. त्यानं पेटारा अंगणात नेला, हात जोडले आणि काडी लावली. गौराला पुन्हा कोमट पाण्यात सोडलं, मग स्वच्छ रांजणात धुतलेल्या फडक्यावर निजवलं. फडकं रोज बदललं. अंगावर किडा दिसला की पुन्हा आंघोळ. कंटाळा म्हणून केला नाही.

हळूहळू किडे संपले. गौरानं कात टाकली, मग खाल्लंही. त्या दिवशी ती भैरूनाथाच्या हाताला सैल वेढा घालून पडून राहिली. "बापानंही पेटारा जाळलाच असता," तो सगुणाला म्हणाला, आणि लहान पोरासारखा रडला.

तात्पर्य: आजारी जिवावर घाईचा उपाय करू नये, आणि दुखणं जिथं दडलंय ती वस्तू कितीही लाडकी असली, तरी जिवापुढं तिचा मोह धरू नये.