बटाट्याच्या कापाचे सोवळे

या कथेच्या काही पाठांत कांदा नायक आहे, तर एका पाठात वांगे. परंतु बटाट्याचा पाठच अधिक सुसंगत वाटतो, कारण उपवासाला चालण्याचा मान या तिघांत फक्त बटाट्याला आहे आणि कथेतला कलह त्या मानातूनच उद्भवतो.

पूर्वी एका द्वादशीला भज्यांसाठी बटाट्याचे काप पिठात घोळले जात होते. त्यांतला एक जाडजूड काप पाण्यातून निथळतच आला आणि हरभऱ्याच्या पिठाला म्हणाला, "अंगाला लागू नकोस. काल एकादशीला मी फराळाच्या ताटात होतो. तू कुठे होतंस? डब्यात."

सोवळ्याची ही भाषा बाकीच्या कापांनी आजवर माणसांच्याच तोंडी ऐकली होती.

पीठ म्हणाले, "अहो सोवळेबुवा, उपास सुटला. शेतावरून माणसे भुकेली यायची आहेत. पोट तुम्ही भराल, बळ मी देईन. फक्त अंग पुसून या, ओल्यावर मी टिकत नाही."

"मला तुझा अंगरखा नको."

तरी काप ओलाच पिठात बुडवला गेला आणि तेलात उतरला. तेल असे तडतडले की झारा मागे सरला. पीठ गळून पडले. इतर काप फुगून सोनेरी होत असताना हा मऊ पडत गेला. "माझ्या आत हे काय शिरतंय?" तो विचारत राहिला.

माणसे जेवायला बसली. त्यांनी भजी संपवली, गळलेल्या पिठाचे कुरकुरीत थेंबही वेचून खाल्ले. तेलाने जड झालेला काप ताटात तसाच राहिला.